दूध पूजाचं, बटण गाईचं

कलाबाईंनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली आणि तिच्यावर बोट आपटलं.

"वाचा."

मी चष्मा लावला. चिठ्ठी छापील होती, एसटीच्या तिकिटाएवढी. फॅट दोन पॉइंट सहा. एसएनएफ सात पॉइंट नऊ. पाणी बारा टक्के. सगळ्यात खाली एक शब्द: नापास.

"कुणाची आहे ही?"

"पूजाची."

"गाईचं नाव पूजा?"

"पूजा माझी सून हाय, शिष्टर! तुमीच बाटल्या दिल्यात तिला."

मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चिठ्ठीवर तेच होतं.

मी नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये मिल्क बँकेची को-ऑर्डिनेटर आहे. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, तोंडात मात्र अजून नगरच येतं. मूळची मी नर्स. मिल्क बँकेचं काम थोडक्यात असं: काही आयांना आपल्या बाळाचं पोट भरूनही दूध उरतं. काही बाळं इतकी लवकर जन्मतात की त्यांच्या आईला अजून दूधच आलेलं नसतं. पहिलीचं उरलेलं दुसरीच्या बाळाला पोचवायचं. मध्ये आम्ही देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या करतो, दूध ठरावीक तापमानाला अर्धा तास तापवतो, त्यात जंतू नाहीत ना हे लॅबमध्ये बघतो आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. यात कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुणाकडून घ्यायचे नाहीत.

काम सोपं आहे. अवघड आहे ते पटवणं. मी नकारांची एक यादी ठेवते, ती आता वहीच्या तिसऱ्या पानावर गेली आहे. नजर लागेल. दूध आटेल. नवरा बाहेरगावी आहे, तो आला की विचारते. माझं दूध प्यायलेलं पोर उद्या माझ्याच मुलीला मागणी घालून आलं तर? एकीने बँक हा शब्द मनावर घेतला आणि विचारलं की आज ठेवलेलं दूध बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर काढता येईल का. दुसरीला पासबुक हवं होतं. पण दुधाचा रिपोर्ट घेऊन भांडायला आलेली कलाबाई पहिलीच.

पूजाची हकीकत आधी सांगते. तिचं बाळ कावीळ होऊन आमच्याकडे सहा दिवस होतं, निळ्या दिव्याखाली. पूजाला दूध भरपूर. बाळ पिऊन झोपलं तरी तिचा ब्लाऊज भिजायचा, ती बेसिनमध्ये पिळून टाकायची. मी विचारलं, ती लगेच हो म्हणाली. डिस्चार्जच्या वेळी तिला हातपंप, निर्जंतुक बाटल्या आणि लेबलं दिली. दूध काढायचं, तारीख-वेळ लिहायची, घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. दर बुधवारी लसींची आमची गाडी पारनेरकडे जाते, ती बाटल्या आइसबॉक्समध्ये घालून आणणार. दोन आठवडे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

"चिठ्ठी आली कुठून?" मी विचारलं.

"आमच्या सेंटरवरून."

गावातलं दूध संकलन केंद्र कलाबाईंच्या दिरांकडे आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन तिथे रांग लावतात. मशीनमध्ये दुधाचे चार थेंब गेले की फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट वगळून दुधात उरतं ते, आणि दुधात पाणी घातलंय का, असं सगळं बाहेर येतं. आकडे भिंतीवरच्या लाल बोर्डावरही झळकतात. रांगेतल्या प्रत्येकाला दुसऱ्याची फॅट दिसते. आमच्या जिल्ह्यात माणसाची अब्रू त्या बोर्डावर असते.

"पण सुनेचं दूध तिथे न्यायचं काय कारण?"

"आता बघा," कलाबाई खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या सासूपासून आमच्या घरचं दूध एकदा बी माघारी आलं न्हाई. आता घरातनं दूध नगरला जातंय, दवाखान्यात जातंय. म्हनलं, जाऊ द्या, पर तपासून जाऊ द्या. उद्या कुनी म्हनाया नको, कलाबाईनं पातळ पाठवलं. घेतली एक बाटली पदराखाली अन् गेले रविवारी."

"मग?"

"मंग काय! दिराला कसं सांगू, सुनेचं हाय म्हनून? चार गडी रांगेत. म्हनलं, भावजी, नवी गाय बघितलीय इकत घ्यायला, तिचं जरा बघा. त्यांनी लावलं. बोर्डावर हे आलं. अन् भावजी काय हळू बोलतंय व्हय? म्हनलं, वयनी, ही गाय घिऊ नका! पानी हाय दुधात! मालक लबाड हाय!"

मी हसू नये म्हणून पेन खाली पाडलं आणि उचलायला वाकले.

"हसू नका, शिष्टर. चार जन माझ्या घरी येऊन गेले. कंच्या बाजाराची गाय, कुनाची गाय. एक म्हनला, त्या मालकाचं नाव सांगा, त्याला बघून घिऊ. आता काय सांगू?" त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगा. बाटली वली दिल्ती का तुमी?"

"आमच्या बाटल्या वाफेवर शिजवून कोरड्या केलेल्या असतात, कलाबाई. थेंब नसतो."

"मंग पानी सुनेच्याच दुधात हाय."

मी समजवायला लागले. माझ्याकडे याचा एक ठरलेला क्रम आहे. पहिलं, सुरुवातीचं दूध पातळच असतं, ते बाळाची तहान भागवतं. मागून येतं ते दाट, ते पोट भरतं. दुसरं, वासराला जन्मल्यावर तासाभरात उभं राहायचं असतं, आपलं पोर वर्षभर मांडीवरच असतं. म्हणून गाईच्या दुधाचा मसाला वेगळा, बाईच्या दुधाचा वेगळा.

"म्हंजी गायीपरीस हलकं."

"हलकं नाही. वेगळं."

"नापास लिवलंय, शिष्टर. येगळं न्हाई लिवलं."

त्यांच्या हातात छापील कागद होता आणि माझ्याकडे नुसतं तोंड. मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना, डॉ. बोरांना, हाक मारली. ते आले, उभ्याउभ्याच चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हे बघा आजी, ह्यूमन मिल्कमध्ये व्हे प्रोटीनचा रेशो जास्त असतो आणि केसीन कमी."

"कमीच की," कलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "डाक्टर बी तेच म्हनत्यात."

डॉक्टर राउंडला निघून गेले. कलाबाई उठल्या.

"आता सून दूध द्यायची न्हाई. अन् उद्यापासून नातवाला बी वरचं चालू करते. शेळीचं. त्याला काय पान्यावर वाढवू?"

त्या गेल्या. चिठ्ठी टेबलावरच राहिली. मी डीप फ्रीझर उघडून मोजलं, खरं तर मोजायची गरज नव्हती. सकाळीच मोजलं होतं. तीन बाटल्या.

त्या कुणासाठी ते सांगते. आमच्या नवजात विभागात काचेच्या पेटी नंबर तीनमध्ये एक मुलगी होती. वजन किलोला जेमतेम ओलांडलेलं. तिची आई बाळंतपणात बीपी फार वाढल्यामुळे आयसीयूत होती, शुद्धीवर होती इतकंच. तिला दूध यायला अजून वेळ होता. मुलीला दर दोन तासांनी नळीतून थोडं थोडं दूध जायचं, एका वेळी चमचाभरही नाही. पण बाटली एकदा वितळवली की एका दिवसात संपवायची, उरलेलं फेकायचं. म्हणजे तीन बाटल्या, तीन दिवस. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्यानंतर पावडर. एवढ्या लहान जिवाच्या आतड्याला पावडर सोसेलच असं नाही, आतडं सुजतं, कधी कधी ऑपरेशनवर जातं. तिला आईचं दूध हवं होतं, कुणाच्याही आईचं.

नवीन दूध आलं तरी ते तापवून, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस जातात. मी वहीत लिहिलं: दूध बुधवारी आलं तर रिपोर्ट शुक्रवारी, वापर शनिवारपासून. गुरुवारी आलं तर एक दिवस भाकड.

दात्या आयांची यादी काढली आणि फोन करत गेले. पहिलीला ताप होता. दुसरी माहेरी, संभाजीनगरला. तिसरीच्या नवऱ्याने फोन उचलला आणि मला कर्जवाली समजून कट केला. बँकेतून बोलतेय म्हणाले होते, ही माझीच चूक. चौथी म्हणाली, मॅडम, माझ्याच बाळाला पुरवता पुरवता नाकी नऊ येतायत. पाचवी यायला तयार होती, पण तिच्या तपासण्या व्हायच्या होत्या, त्यात दोन दिवस गेले असते.

संध्याकाळी डॉ. बोरा केबिनमध्ये डोकावले.

"सिस्टर, तीन नंबरचं कसं?"

"शुक्रवारपर्यंत आहे, सर."

"आणि पुढे?"

"उद्या मी लसीच्या गाडीतून पारनेरला जाते. फील्ड व्हिजिट लिहा."

"त्या आजीकडे? काय सांगणार तिला?"

"माहीत नाही. पण व्हे प्रोटीन नाही सांगणार."

सकाळी सातला गाडी गावात पोचली. मी मुद्दाम दुधाच्या वेळेला गेले. कलाबाई घरी सापडल्या असत्या, पण भांडण ज्या मशीनवरून झालं ते मला बघायचं होतं. केंद्रासमोर दहा-बारा माणसं किटल्या घेऊन उभी होती. कलाबाईही होत्या, पण रांगेच्या टोकाला, पदर घट्ट ओढून. आत टेबलामागे त्यांचे दीर रावसाहेब, पन्नाशीचे, गळ्यात टॉवेल, आवाज खरंच मोठा.

"या, म्याडम! कंच्या डेअरीच्या तुमी?"

"दवाखान्यातून आले. मशीन बघायचं होतं."

माणसाला त्याच्या मशीनबद्दल विचारलं की तो खुलतो. रावसाहेबांनी स्टूल पुढे केलं. मशीन लहानसं होतं, पांढरं, वर दोन बटणं. एकावर गाय, एकावर म्हैस.

"ही बटणं कशाला?" मी विचारलं.

"मशीनला काय कळतंय दूध कुनाचं ते? आपन सांगायचं. गाय म्हनून सांगितलं की ते गायीच्या हिशेबानं बघतं. म्हैस म्हनून सांगितलं की म्हशीच्या."

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"तर बडबडतं कायबी. दावतो की." त्यांनी एका म्हातारबाबांच्या किटलीतलं म्हशीचं दूध घेतलं आणि गाईचं बटण दाबलं. बोर्डावर असे आकडे आले की रांगेतले सगळे हसले.

"बाबा, तुमच्या गायीला काय तूप पाजता व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"दोनच बटणं आहेत का?" मी विचारलं. एवढंच. त्यापुढे माझ्याकडे काहीच योजना नव्हती, हे कबूल करते.

मागून पायांचा आवाज आला. कलाबाई रांग सोडून पुढे आल्या होत्या.

"भावजी, रविवारी माझी बाटली कंच्या बटनावर लावली?"

"गायीच्या. तुमीच म्हनला, नवी गाय हाय."

"ती गाय न्हवती."

रावसाहेब चपापले. "मंग म्हैस हुती? अवो वयनी, म्हशीचं एवढं पातळ आसतं व्हय? ती तर अजिबात घिऊ नका!"

"म्हैस बी न्हवती."

"मंग शेळी?"

म्हातारबाबांनी किटली खाली ठेवली. कलाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे. मला वाटलं, त्या परत फिरणार. इतक्या पुरुषांसमोर, दिरासमोर, हे बोलायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. शहरातल्या बायकासुद्धा माझ्या केबिनचं दार लावून मग बोलतात.

"पूजा हुती," कलाबाई म्हणाल्या. "माझी सून. तिचं दूध दवाखान्यात बारक्या पोरांना देत्यात. तपासाया मी आनलं हुतं. अन् तुमी गायीच्या बटनावर लावलं, भावजी! सून काय गाय हाय आपली?"

रावसाहेबांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि मशीन पुसायला घेतलं. खूप वेळ पुसलं. मशीन स्वच्छच होतं.

"अवो, मंग मला सांगायचं की," ते शेवटी म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असावेत.

"सांगून काय केलं असतं? तिसरं बटन दाबलं असतं?"

"तिसरं न्हाई ना मशीनला."

"तेच म्हनतीय मी!"

म्हातारबाबा पुढे सरकले. "रावसाहेब, पास करून टाका ओ पोरीला. चुकी तुमची हाय."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. कलाबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी मात्र त्यातच घाईघाईने विचारलं, "म्हणजे आज बाटल्या नेऊ?" गाडी साडेनऊला नगरला परत निघणार होती.

"चला घरी," कलाबाई म्हणाल्या. "घरी बोलू."

पूजा ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. आम्ही केंद्रावरून चालत आलो तेवढ्यात बातमी आमच्या पुढे आली होती.

"आत्या, बोर्डावर माझं नाव लावलं म्हनत्यात, खरं का?"

"नाव न्हाई. निस्ती फॅट," कलाबाई म्हणाल्या. "अन् ती बी खोटी. तू पाज."

शेळीचं दूध सुरू केलं का, हे मी पूजाला डोळ्यांनीच विचारलं. तिने मान हलवली. नाही. मग उठून आत गेली आणि फ्रीझरमधून मटाराच्या पिशवीमागून सहा बाटल्या काढून आणल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ. सोमवारची होती, मंगळवारची होती. कलाबाई नगरला मला चिठ्ठी दाखवत होत्या, तेव्हा इकडे हिचं काम चालूच होतं.

"अगं, मी नको म्हनलं हुतं ना?"

"फेकवंना, आत्या. आपला बाळ्या काचेत हुता तवा शेजारच्या पेटीत येक पोर हुतं. माझ्या मुठीएवढं. त्याला नळीनं पाजायचे. मी रोज बघायचे."

कलाबाईंनी बाटल्या एकेक उचलून उजेडात धरून बघितल्या, जसं दूध बघणारं माणूस बघतं. मी आइसबॉक्स उघडला. सहा बाटल्या म्हणजे पुढचा जवळजवळ आठवडा. मी मनात रिपोर्टची तारीख लिहून टाकली होती. तेवढ्यात कलाबाईंनी झाकणावर हात ठेवला.

"थांबा. तुमच्या कागदावर काय लिवलंय? दुग्धदान?"

"हो."

"दान काय म्हनून? दान देवाला करत्यात, न्हाईतर मागत्याला. ते पोर काय मागतंय व्हय? ते तर नळीनं पितंय." त्यांनी विचार केला. "गाय याली की आपन चीक काय करतो?"

चीक म्हणजे जनावर व्यायल्यावरचं पहिलं, पिवळसर, घट्ट दूध. त्याचाच खरवस होतो.

"वाटतो," पूजा म्हणाली.

"इकतो का?"

"न्हाई."

"दान करतो का?"

"न्हाई. शेजारीपाजारी वाटतो."

"तसंच हे. वाटायचं," कलाबाई म्हणाल्या. "मंग माझी हरकत न्हाई. आता सांगा, भांडं कवा माघारी देनार?"

"बाटल्या पुढच्या बुधवारी. धुऊन, वाफेवर शिजवून, कोरड्या."

"मोकळ्या?"

"मोकळ्याच. आत काही घालून चालत नाही."

"मंग न्हाई जमायचं." त्यांनी झाकण दाबून धरलं. "चिकाचं भांडं मोकळं माघारी येत न्हाई आमच्यात. तांदळाचे चार दानं तरी टाकून द्यायचे. मोकळं भांडं आलं की जनावर आटतं."

"आत्या, मी जनावर न्हाई," पूजा म्हणाली. "आत्ताच तुमी सेंटरवर सांगून आलात ना?"

"ते मशीनपुरतं!"

मी वही उघडली. आमच्या प्रोटोकॉलमध्ये बाटलीबद्दल दीड पान आहे. काच कुठली, झाकण कुठलं, वाफ किती मिनिटं, हातमोजे कधी बदलायचे. बाटलीत तांदूळ घालू नये असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही ते आलं नसणार. तरी बाटलीत तांदूळ जाणार नव्हते, हे नक्की. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या माझ्याकडे. साडेनऊ होत आले होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"कलाबाई, चीक देताना कशात देता?"

"तांब्यात."

"तांब्या कशात ठेवून नेता?"

"टोपलीत, न्हाईतर पिशवीत."

"मग तांदूळ पिशवीत आले तर चालतील का? म्हणजे बाटल्या कोरड्या, पण ज्या बॉक्समधून येतात तो मोकळा नाही. बॉक्सच्या बाहेरच्या कप्प्यात, वेगळ्या पुडीत."

कलाबाईंनी पूजाकडे बघितलं. पूजाने बाळाकडे.

"तुमच्या दवाखान्यातले तांदूळ?" कलाबाईंनी विचारलं. "का त्या पोराच्या घरचे?"

"कुणाचं दूध कुणाला गेलं ते आम्ही सांगत नाही. दोन्हीकडे नाही. तांदूळ माझ्या घरचे."

"तुमाला बी नातवंडं हायेत?"

"मुलगा आहे. कॉलेजात."

"मंग चालंल. घरात पोर हाय तर चालंल." आणि त्यांनी हात काढला.

पण आजचा आइसबॉक्स मोकळाच आला होता, ही अडचण त्यांच्या लगेच लक्षात आली. मी पर्स उलटी केली. त्यात चार पेनं, डोकेदुखीची गोळी, बिलं, आणि हॉटेलातल्या चहाबरोबर मिळालेली साखरेची पुडी निघाली. कलाबाईंनी पुडी दोन्ही बाजूंनी बघितली.

"आत्तापुरती चालंल," त्या म्हणाल्या. "पुढल्या बुधवारी मात्र तांदूळ."

सहाही बाटल्या गोठलेल्याच नगरला पोचल्या. त्याच दुपारी दूध तापवलं, नमुना लॅबला दिला. शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आला: जंतू नाहीत. मी तो दोनदा वाचला. शनिवारी पहाटे पेटी नंबर तीनमध्ये पूजाच्या दुधाचे पहिले थेंब गेले. पावडरचा डबा कपाटातून काढायची वेळ आली नाही.

पुढच्या बुधवारी डॉ. बोरांनी आइसबॉक्स जाताना बघितला.

"सिस्टर, बाहेरच्या कप्प्यात तांदूळ का आहेत?"

"प्रोटोकॉल आहे, सर."

"कोणता?"

"पारनेरचा."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चांगले डॉक्टर आहेत.

बारा दिवसांनी तीन नंबरच्या आईला आयसीयूतून बाहेर आणलं. तिला स्वतःचं दूध आलं, आधी थेंब थेंब, मग पुरेसं. मुलीने वजन धरलं आणि तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली. पुढे ती दुपट्यात गुंडाळून घरी गेली. जाताना तिच्या आजीने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, इतके दिवस दूध दिलं ती कोण. मी म्हणाले, सांगता येत नाही. ती म्हणाली, बरं, तिला माझा नमस्कार सांगा. तोही सांगता येत नाही, पण मी वहीत लिहून ठेवला.

पूजाच्या गावातून आणखी तिघी दूध द्यायला लागल्या. त्यामुळे नवे प्रश्न आले. एकीला तांदूळ नको होता, तिच्या घरात ज्वारी लागते. दुसरीने निरोप पाठवला की शेजारणीला आख्खा तांदूळ आला आणि आम्हाला कणी का. आता मी घरी एकाच पोत्यातून पुड्या बांधते, सगळ्यांना सारख्या, आणि गाडीच्या यादीत लेबलं, मार्कर, बर्फाच्या पिशव्या यांच्याखाली एक ओळ आहे: धान्य, पुड्या चार. ऑडिटला आलेल्या मॅडमनी त्यावर लाल पेनाने गोल केला. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि गोल तसाच ठेवला. रावसाहेबांनी केंद्राच्या भिंतीवर पाटी लावली आहे: येथे फक्त जनावरांचे दूध तपासले जाईल. हुकुमावरून.

मी इतकी वर्षं आयांना विचारत होते, दूध दान कराल का. आणि नकारांची यादी करत होते. प्रश्नातला शब्द चुकला असेल, हे कधी यादीत घातलं नव्हतं. आता त्या भागात मी विचारते, वाटाल का. आणि हे आधी सासूला विचारते, सुनेला नंतर, कारण सून बहुतेक वेळा आधीच तयार असते. फॉर्मवर अजून दुग्धदान असंच छापलेलं आहे. पाचशे फॉर्म शिल्लक आहेत, आणि आमच्याकडे छापील माल संपल्याशिवाय नवा मागवत नाहीत. तोपर्यंत मी पेनने खोडते.